ऊसतोडीच्या कोपीत समाजकार्याची थिअरी कुठे बसवायची?

फिल्डवर्कची_वही
नमस्कार मंडळी. साताऱ्यात एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फील्डवर्क एका संस्थेबरोबर चालू आहे, काम ऊसतोड कुटुंबांतल्या मुलांचं. गाव, वय, टोळी सगळं बदलून लिहितेय, तेव्हा ओळखायचा प्रयत्न कृपया करू नका.

कराड भागातली एक टोळी. कोप्या (पाचटाच्या झोपड्या) रस्त्याकडेला, मागे कॅनॉल, पुढे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची ये-जा. एका कोपीत दीड वर्षाचं पोर. घोट्याला जुन्या लुगड्याची चिंधी आणि चिंधीचं दुसरं टोक मेढीला बांधलेलं. चूल विझलेली, राख अजून गरम. पोराची नऊ वर्षांची बहीण शेजारी बसून वाढ्याच्या (उसाच्या शेंड्यांच्या) पेंढ्या बांधत होती. आईबाप पहाटे चारला फडात गेलेले. चिंधी सैल होती, माझी दोन बोटं आत गेली. घोट्यावर वळ नव्हता.

बरोबरच्या सहकाऱ्याने तिथूनच १०९८ ला (चाइल्डलाइन) फोन लावला. प्रकरण बाल कल्याण समितीपुढे गेलं, समितीने सामाजिक तपासणी अहवाल मागवला आणि तो तयार करायला मी मदत करतेय. कॉलेजच्या मॅडमना केस रेकॉर्डमध्ये 'कोणती थिअरी वापरली' हा रकाना भरून हवाय. ब्रॉनफेनब्रेनर (मुलाभोवतीची वर्तुळं), बोल्बी (आई-मुलातली आसक्ती), स्ट्रेंग्थ्स पर्स्पेक्टिव्ह (कुटुंबाची बलस्थानं बघणं), सगळं परीक्षेपुरतं पाठ आहे. संस्थेतले ज्येष्ठ म्हणतात, "थिअरी कॉलेजात ठेवून ये, इथं पोराचं बघ."

तर ती चिंधी म्हणजे हेळसांड की काळजी? आणि ते ठरवायला थिअरीचा खरंच उपयोग होतो, की रकाना भरण्यापुरताच?

भडंग_सांगलीकर
धागा शंभरी गाठणार. जागा धरून ठेवतो.

कंदीपेढा
भडंग घेऊन बसलोय. (सातारचा असूनही.)

निवृत्त_गुरुजी
बांधलेलं पोर ते बांधलेलं पोर. यात थिअरी कसली आलीय? कोपीला पाचट, वर प्लास्टिकचा कागद. ठिणगी पडली तर बघता बघता नुसत्या मेढी उरतात. चिंधी सैल असो की घट्ट, त्या लेकराला पळता येणार आहे का?

वाळवा तालुक्यात नोकरी झाली, साखरशाळेवरही (ऊसतोड मुलांच्या हंगामी शाळेवर) होतो. आईबापांची गरिबी मला कुणी शिकवू नये. पण गरिबीचं कौतुक करत बसलात तर एखादं लेकरू हकनाक जाईल. फोन लावला ते योग्यच केलं.

माणदेशी_गडी
गुरुजी, रामराम. मी त्यातलाच एक बांधल्याला पोरगा. आयनं बांधलं नसतं तर कवाच ट्रॉलीखाली गेलो असतो. आता पुण्यात नोकरीला हाय, तुमच्यासारखं शुद्ध लिवायला येतं, पण ह्या विषयावर न्हाई लिवत.

माझी थोरली बहीण मला सांभाळायची. तिची शाळा तिसरीत सुटली ती सुटलीच. पुढं वय भरायच्या आधीच लगीन, कारण उचल (हंगामाआधीचं आगाऊ पैसं) जोडीला मिळती, नवराबायको मिळून एक कोयता, एकटा गडी म्हंजी अर्धा कोयता. तिच्यासाठी कुणी १०९८ ला फोन केला न्हाई. चिंधी दिसती, पोरगी दिसत न्हाई.

निवांत
या गडीदादाच्या प्रतिसादानंतर धागा बंद केला तरी चालेल.

जावळीकरीण
बंद नको, आत्ता कुठे सुरू होतोय.

बाल संरक्षणात बरीच वर्षं काढली, आधी संस्थेत, मग सरकारी कक्षात. गुरुजींचा आगीचा मुद्दा बिनतोड आहे. माणदेशी_गडींचा त्याहून. दोन्ही खरे आहेत, आणि नेमकं इथेच थिअरी लागते. नुसत्या सद्भावनेने काम करणारा माणूस दोनपैकी एकच बघतो आणि त्यावर निर्णय ठोकतो.

ब्रॉनफेनब्रेनरने १९७९ साली मांडलेली ती एकात एक वर्तुळं परीक्षेत सगळेच काढतात. ती या कोपीभोवती काढून बघ. आतल्या वर्तुळात पोर, बहीण, आई, बाप. पुढचं वर्तुळ म्हणजे घर आणि अंगणवाडी, घर आणि शाळा यांचं आपसातलं नातं. इथे ते शून्य, कारण टोळीला गाव ओळखत नाही आणि गावाला टोळी. त्याच्या बाहेर अशा गोष्टी, जिथे पोर कधी पाऊल ठेवत नाही पण ज्या त्याचा दिवस ठरवतात: मुकादमाचा (टोळी आणणाऱ्या ठेकेदाराचा) करार, उचल, खाडा पडला की कापले जाणारे पैसे. सगळ्यात बाहेर ही समजूत, की बाईचं काम नवऱ्याच्या कोयत्यात धरलेलंच आहे, तिला वेगळी मजुरी कसली. आणि वर काळ: दिवाळीच्या आगेमागे येणार, पट्टा पडला (गाळप हंगाम संपला) की जाणार, पोराची दोन्हीकडे नोंद अर्धवट.

आता अहवालात "आईचे समुपदेशन करावे" असं लिहायला हात उचलेल का तुझा? आई कोपीत बसली तर कोयता अर्धा, उचल फिटणार नाही, पुढच्या हंगामात पुन्हा हेच. वर्तुळं काढल्यावर कळतं की आईकडून बदलण्यासारखं फार थोडं आहे. चूल कोपीबाहेर नेणं, राखेवर पाणी मारून जाणं, एवढंच तिच्या हातात. बाकीचं तिसऱ्या वर्तुळात आहे, आणि तिथे समितीचं पत्र पोचू शकतं.

आणि गडीदादा म्हणतात ते पहिल्या पानावर घे. तुझ्या केसमध्ये मुलं दोन आहेत. धागा वाचताना मला एकच दिसतंय.

कृष्णाकाठची
जावळीकरीण, वाचनखूण साठवली.

तिरकस
छान छान. वर्तुळं काढा, बाण काढा, कोपीसमोर फोटो काढा. पट्टा पडला की टोळी गेली, प्रोजेक्टही संपला. इतकी वर्षं पाहतोय.

जावळीकरीण
तिरकस, फोटोबद्दल सहमत. बाकी तुमचा आयडी सार्थ आहे. (हलकेच घ्या.)

वकील_मिरज
कायद्यापुरतं लिहितो. बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेलं मूल २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, समितीपुढे यायला हवं. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. समितीपुढे आणणं म्हणजे आईबापांकडून काढून घेणं नव्हे. सामाजिक तपासणी १५ दिवसांत आणि अंतिम आदेश चार महिन्यांत, अशी मुदत आहे. देखरेखीच्या अटीवर मूल आईबापांकडेच ठेवायचा आदेशही समिती देऊ शकते.

कलम ३ मधली तत्त्वं अहवाल लिहिणाऱ्याने समोर ठेवावीत. मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे दोन्ही तिथेच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००९ साली पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली, त्यात तर स्पष्ट म्हटलंय की केवळ आर्थिक हलाखी हे मूल कुटुंबापासून तोडण्याचं कारण असू नये.

पैशाच्या योजनांवर फार भिस्त ठेवू नका. मिशन वात्सल्यची प्रायोजकत्वाची रक्कम महिना ४,००० रुपये, राज्याच्या बालसंगोपन योजनेची २,२५०. पण त्या मुख्यतः अनाथ, एकपालक किंवा दुर्धर आजारी पालकांच्या मुलांसाठी. दोघं धडधाकट असून राबतायत, त्यांना त्यात बसवताना नाकी नऊ येतात.

आणि धागाकर्तीने ओळख बदललीय ते उत्तम. कलम ७४ खाली मुलाची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. प्रतिसादकांनीही भान ठेवावं.

संपादक
वकीलसाहेबांच्या शेवटच्या परिच्छेदाला अनुमोदन. टोळीचं गाव ओळखू येईल असे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

कंदीपेढा
एक माझाच होता. कबूल.

ओपीडी_मिरज
बालरोगतज्ज्ञ आहे. बोल्बीबद्दल दोन शब्द, कारण त्याचं नाव घेऊन लोक काहीही लिहितात.

जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्याने १९५१ साली अहवाल लिहिला तो महायुद्धानंतरच्या बेघर मुलांवर. आईपासून तुटलेल्या मुलाचं काय होतं, हा त्याचा प्रश्न. तो वाचून उद्या कुणी "आई दिवसभर नसते, म्हणून असुरक्षित आसक्ती" असं लिहिलं तर आपल्याकडची निम्मी मुलं त्यात बसतील. आपल्याकडे पोर आजीच्या, आत्याच्या, थोरल्या बहिणीच्या काखेत वाढतं.

उपयोगाचं आहे ते मेरी एन्सवर्थचं. तिने आधी युगांडात आणि मग अमेरिकेत बाल्टिमोरला आया-मुलांचं निरीक्षण केलं. तिच्या प्रयोगात आई खोलीतून थोडा वेळ बाहेर जाते आणि परत येते. आई जाताना मूल रडलं की नाही याला लोक महत्त्व देतात. खरी माहिती मिळते ती आई परतल्यावर. म्हणून दुपारी बाराला जाऊन चिंधी बघू नकोस. आई फडातून येते त्या वेळी तिथे बस. पोर तिच्याकडे झेपावतं का? रडत असेल तर तिच्या खांद्यावर शांत होतं का? की मान फिरवतं, की तिला बघून गोठतं? एका भेटीवरून लेबल मात्र लावू नये. ती तपासणी प्रशिक्षित माणसाचं काम आहे, आपण फक्त दिसलं ते लिहायचं.

शरीर बघताना: बांधून ठेवल्याचा गोल वळ, जुना आणि ताजा दोन्ही. हात किंवा पाय गरम पाण्यात बुडवल्यासारखा भाजलेला, वरची कडा सरळ रेषेत, आजूबाजूला शिंतोडे नाहीत, हे अपघाताने सहसा होत नाही. अमेरिकेत केम्प आणि सहकाऱ्यांनी १९६२ साली मारहाण झालेल्या मुलांवर शोधनिबंध लिहिला, तेव्हा कुठे डॉक्टर एक्स-रेतल्या जुन्या फ्रॅक्चरांकडे संशयाने बघू लागले. आणि अंगणवाडीताईंकडून दंडाचा घेर मोजून घे. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असेल तर बाकी चर्चा थांबवून आधी पोराला दवाखान्यात आण.

माणदेशी_गडी
डॉक्टर, आय फडातनं आली की म्या आधी तिच्या वटीत बघायचो, काय आणलंय का. ह्याला काय म्हंत्यात?

ओपीडी_मिरज
याला भूक म्हणतात. 🙂 आणि आईबद्दलची खात्रीही.

लीड्सवासी_सातारकर
शाहूपुरीत वाढलो, आता इंग्लंडमध्ये याच क्षेत्रात. वातावरण बरंच आईबापांच्या बाजूने झुकलंय म्हणून विरोधी बाजू मांडतो.

व्हिक्टोरिया क्लिंबिए. आठ वर्षांची मुलगी, आयव्हरी कोस्टहून लंडनला नातेवाईक बाईबरोबर आलेली, २००० साली छळ होऊन मेली. लॉर्ड लेमिंगच्या चौकशी अहवालाने २००३ साली दाखवून दिलं, की तिला वाचवता येईल असे किमान १२ प्रसंग यंत्रणेने घालवले. त्या बाईपुढे पोर ताठ उभं राहायचं, तर समाजसेविकेने मानलं की त्यांच्या संस्कृतीत मोठ्यांचा असाच मान राखतात. ती भीती होती. अखेरच्या काळात त्या मुलीला हातपाय बांधून बाथटबमध्ये ठेवलं जायचं.

दोन चिंध्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, मान्य. पण "त्यांच्यात असंच असतं" हे वाक्य दोन्हीकडे सारखंच उच्चारलं जातं. डिंगवॉल वगैरे अभ्यासकांनी १९८३ सालीच या सवयीला 'आशावादाचा नियम' असं नाव दिलं होतं: कर्मचारी पालकांच्या वागण्याचा होता होईल तो चांगलाच अर्थ लावतात. स्ट्रेंग्थ्स पर्स्पेक्टिव्ह अर्धवट शिकलेल्या माणसाच्या हातात पडला की हेच होतं. कुटुंबाची बलस्थानं लिहिता लिहिता धोक्याचा रकाना रिकामा राहतो.

निवांत
आणि नॉर्वे? २०११ साली भारतीय जोडप्याची दोन मुलं काढून घेतली होती. हाताने भरवणं, मुलाला शेजारी घेऊन झोपणं, यावरूनही आक्षेप होते म्हणे. तिथे तर निराशावादाचा नियम दिसतो.

लीड्सवासी_सातारकर
निवांत, त्या प्रकरणातल्या सगळ्या फायली आपण कुणी पाहिलेल्या नाहीत. पण तुमचा रोख बरोबर आहे. भरवण्यात धोका बघायचा आणि ताठ उभं राहण्यात संस्कार, दोन्हीकडे पोराला विचारायचं राहून जातं.

तिरकस
नॉर्वे आला. आता काश्मीर कधी?

निवृत्त_गुरुजी
मी अजून माझ्या मतावर ठाम आहे, पण चर्चा उत्तम चाललीय. दोघांना वसतिगृहात घाला की. याच कराडजवळ काल्यात १९१९ साली कर्मवीर अण्णांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांचं बोर्डिंग काढलं. लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडून पोरांना जेवू घातलं. तेव्हा कुणी आसक्तीचे सिद्धांत विचारले नव्हते. ती पोरं पुढे शिक्षक झाली, कलेक्टर झाली.

कृष्णाकाठची
गुरुजी, अण्णांच्या बोर्डिंगात आईबाप पोराला स्वतः आणून सोडत होते, सुट्टीला घरी नेत होते. पोलीस गाडीतून येऊन नेत नव्हता. आणि दीड वर्षाचं पोर तिथे कुणी आणलं नव्हतं. नऊ वर्षांच्या मुलीला मात्र तिच्या गावी हंगामी वसतिगृह आहे का, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी २०२१ पासून संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे तिथे जागा आहे का, हे जरूर बघावं. फक्त आधी तिला विचारा. धाकट्याला सोडून जायची तिची तयारी आहे का?

काढून नेण्यावरून आठवलं. सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायका कित्येक वर्षं हेच सांगत आल्यात, की आमच्या धंद्याकडे बोट दाखवून आमची पोरं नेऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ च्या आदेशात ते नोंदवलं: आई देहविक्रयात आहे एवढ्याच कारणावरून मुलाला तिच्यापासून तोडू नये. बलस्थानं बघा म्हणजे काय, ते त्या वस्तीत कळतं. रात्री पोरं कुणाकडे झोपतात, शाळेच्या सभेला कोण जातं, सगळं त्यांनी आपसात ठरवलेलं असतं. बाहेरचा माणूस नुसतं दार बघून परततो.

लीड्सवासी_सातारकर
तेच. म्हणून मी 'साइन्स ऑफ सेफ्टी' वापरतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात नव्वदच्या दशकात टर्नेल आणि एडवर्ड्स यांनी तिथल्या कार्यकर्त्यांबरोबर बसून तयार केलेली पद्धत. कागदावर तीन रकाने: काळजी कशाची वाटते, चांगलं काय चाललंय, काय व्हायला हवं. मग शून्य ते दहामध्ये मूल किती सुरक्षित, हे घरातल्या प्रत्येकाला विचारायचं. बलस्थान आणि धोका एकाच पानावर, त्यामुळे एक लिहून दुसरं विसरता येत नाही.

माणदेशी_गडी
शून्य ते धा? आमच्या आयला वाटलं असतं पोराच्या परीक्षेचे मार्क इचारत्यात.

जावळीकरीण
म्हणून आम्ही आण्यांत विचारतो. "मावशी, रुपयातले किती आणे पोर सुखरूप आहे?" आणे जाऊन जमाना झाला, पण 'बारा आणे काम झालं' सगळ्यांनाच कळतं. एका फडावर आई म्हणाली, "बारा आणे." मी विचारलं, मग चार आणे कशाचे कापले? ताबडतोब उत्तर: "कॅनॉलचे दोन, रातीचे दोन." बापाला वेगळं विचारलं तर पंधरा आणे! पुढचा तासभर नवरा-बायको एकमेकांशीच भांडले आणि मला पाहिजे ती सगळी माहिती मिळाली. "तुमचं मूल धोक्यात आहे का?" असं सरळ विचारलं असतं तर दोघांनी मिळून मला चहा पाजून वाटेला लावलं असतं.

ओपीडी_मिरज
आण्यांची पट्टी ओपीडीत वापरणार. परवानगी आहे ना?

कंदीपेढा
रॉयल्टी रोज चार आणे.

वकील_मिरज
अवांतर: न्यूझीलंडमध्ये १९८९ च्या कायद्याने कुटुंब-बैठकीची पद्धत आली. माओरी समाजाची मागणी होती, की पोराचा निर्णय सरकारी अधिकाऱ्याने एकट्याने न घेता नातेवाइकांनी बसून घ्यावा. आपल्याकडे भावकी आहेच. टोळीतले बरेच लोक एकाच गावचे असतात. जमेल का?

जावळीकरीण
भावकी बसवली तर पोरीचं लग्न ठरवूनच उठेल! न्यूझीलंडच्या बैठकीत काय गृहीत धरलंय? पोराची बाजू घेणारं माणूस तिथे असेल आणि बाई बोलू शकेल. आपल्याकडे मुकादमच पुष्कळदा चुलता नाहीतर मेव्हणा. ज्याच्याकडून उचल घेतली त्याच्यासमोर आई काय बोलणार? मी बैठक घेते, पण आधी बायकांची वेगळी, आणि आजी गावाकडे असली तर तिला फोनवर धरून. गावाकडच्या म्हातारीला टोळीतल्या कुणाचं मिंधेपण नसतं.

फिल्डवर्कची_वही
सगळ्यांचे आभार. परत जाऊन आले, म्हणून लिहिते.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून आई यायच्या वेळी गेले. मोळी टाकताना तिचा आवाज आला तसं पोराने चिंधी ताणून दाराकडे रांगायला सुरुवात केली. आईने हातसुद्धा न धुता आधी गाठ सोडली. कडेवर घेतल्यावर गप्प. दंडाचा घेर ताईंनी मोजला, धोक्याच्या वर आहे पण फार वर नाही. गावच्या अंगणवाडीत धाकट्याची नोंद स्थलांतरित म्हणून करायला त्या तयार झाल्या.

आण्यांचा प्रश्न आईने झटक्यात समजून घेतला. ती म्हणाली, "धा आणे." एवढं कमी का, तर नुसतं म्हणाली, "तिलाच इचारा."

मग बहिणीला वेगळं घेऊन तीन घरं काढायला दिली. (न्यूझीलंडमधून आलेली रीत: एक काळजीचं, एक चांगल्याचं, एक स्वप्नाचं घर.) चांगल्याच्या घरात धाकटा भाऊ आणि शेजारच्या कोपीतली कुत्री. काळजीच्या घरात तिने चिंधी काढली नाही, चूलही नाही. मोठा पिवळा गोल काढला. विचारलं तर म्हणाली, ट्रॅक्टरचा दिवा. रात्री ट्रॉली भरायला आई आणि बाप दोघं जातात. तेव्हा पलीकडच्या टोळीतली पिऊन आलेली माणसं कोपीच्या तोंडाशी येऊन बसतात आणि ती पहाटेपर्यंत कोयता जवळ घेऊन जागी राहते.

आपण सगळे दुपारच्या चिंधीवर बोलत होतो. रात्रीचं कुणीच विचारलं नव्हतं.

निवृत्त_गुरुजी
अरे देवा.

लीड्सवासी_सातारकर
तिला पुन्हा पुन्हा विचारू नका. तिचे शब्द तिच्याच बोलीत, तारीख-वेळ घालून उतरवा. ते चित्र जपून ठेवा. "कुणी हात लावला का" असले सूचक प्रश्न अप्रशिक्षित माणसाने अजिबात नको.

वकील_मिरज
आणि हे अहवालाची मुदत संपेपर्यंत ठेवू नका. पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या) कायद्याच्या कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याची माहिती असेल तरच नव्हे, घडण्याची भीती वाटत असली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तशी भीती आहे का, हे एकटीने तोलत बसू नका. आजच बाल संरक्षण अधिकाऱ्याला सांगा.

फिल्डवर्कची_वही
त्याच संध्याकाळी सांगितलं. पुढचं ते बघतायत, त्याबद्दल इथे लिहिणार नाही. दोन्ही मुलं आईबापांकडेच आहेत. रात्रीच्या भरणीला सध्या फक्त बाप जातो. मुकादम कुरकुरतोय, पण समितीचं पत्र बघून गप्प आहे. रकाना मात्र अजून रिकामा आहे. 😐

जावळीकरीण
भरून टाक. पण थिअरीचं नाव लिहून थांबू नकोस. तीन वाक्यं लिही: काय दिसलं, त्याचा मी काय अर्थ लावला, आणि काय दिसलं असतं तर माझा अर्थ चुकीचा ठरला असता. नमुना देते.

"आई परतताच बालक तिच्याकडे झेपावले व कडेवर शांत झाले. त्यावरून दोघांत भरवशाचे नाते आहे व बांधणे ही शिक्षा नसून पर्यायाअभावी केलेली सोय आहे, असे वाटते. घोट्यावर जुने-ताजे वळ किंवा आईला बघून बालक दचकणे आढळले असते, तर हा निष्कर्ष बदलावा लागला असता."

यात बोल्बी आला, एन्सवर्थ आली, लीड्सवाल्यांचा आशावादाचा नियमही आला. मॅडमना नाव हवंच असेल तर कंसात घाल. मुलीसाठी वेगळं पान कर, तिचा वैयक्तिक काळजी आराखडा वेगळा होतो. आणि गुरुजींची आग शिफारशीत घाल. नातं कितीही भरवशाचं असलं तरी पाचट पेटायचं थांबत नाही. चिंधी सुटायला हवी, आणि त्यासाठी टोळीमागे पोरं सांभाळायला एक पगारी बाई हवी.

तिरकस
पगार कोण देणार? कारखाना म्हणणार, मजूर आमच्या हजेरीपटावर नाहीत. मुकादम म्हणणार, माझ्या कमिशनमध्ये परवडत नाही. सरकार म्हणणार, प्रस्ताव पाठवा.

फिल्डवर्कची_वही
तिरकस, या वेळी तुमचं पटतंय. कारखान्याच्या लेबर ऑफिसरला भेटून काही होईल का? कुणाला अनुभव?

भडंग_सांगलीकर
आता मात्र बोलावं लागेल. मी एका कारखान्याच्या शेती खात्यात आहे, कोणत्या ते विचारू नका.

लेबर ऑफिसर ऊसतोडीला हात लावत नाही. तोडणी-वाहतुकीचे करार शेती खाते करते, म्हणून शेती अधिकाऱ्याला गाठा. पण हंगाम ऐन भरात असताना नव्हे, तेव्हा त्यांना गाळपाशिवाय काही ऐकू येत नाही. पुढच्या हंगामाचे करार उन्हाळ्यात सुरू होतात, उचल तेव्हाच सुटते. अट घालायची तर तेव्हा: अड्डा (टोळीचा तळ) कॅनॉलपासून लांब, रात्री दिवा, टोळीमागे एक बाई पोरांपाशी आणि तिची मजुरी तोडणीच्या हिशेबात धरलेली. करारावर सही झाली की मग कुणी ऐकत नाही. या हंगामापुरतं एवढं करा, की चीटबॉयला (तोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला) धरा. कोणती टोळी कुठल्या अड्ड्यावर, रात्रीची भरणी कुणाची, सगळं त्याला तोंडपाठ असतं. भरणी दिवसा लावणं अर्ध्या वेळा त्याच्या हातात असतं.

कंदीपेढा
भडंगराव, जागा धरून बसला होता ते सार्थकी लागलं.

निवृत्त_गुरुजी
पोरी, शेती अधिकाऱ्याला भेटायला जाशील तेव्हा मला सांग, मी येतो बरोबर. या पट्ट्यातला असेल तर माझा विद्यार्थी निघायची शक्यता आहे.

भडंग_सांगलीकर
गुरुजी, वाळव्याचे ना तुम्ही? मग अधिकाऱ्याचं सोडा, चीटबॉय तरी नक्की निघेल.